संरक्षणाचे तास : प्रवासातील डास आणि त्यांना दूर ठेवण्याचे उपाय

श्रावण सरल्यापासून दिवाळीची सुट्टी संपेपर्यंतचा काळ हा कोकण आणि गोव्याकडे जाणाऱ्यांच्या वर्दळीचा असतो. गणपतीसाठी गावी निघालेले चाकरमानी, सहामाही परीक्षा आटोपून मुलाबाळांसह समुद्रकिनारी जाणारी कुटुंबे आणि सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवणारे भटके हे सारे याच दिवसांत वाटेला लागतात, आणि पावसाचे पाणी ठिकठिकाणी साचून राहिलेले असल्याने डासांची पैदासही नेमकी याच दिवसांत भरात असते. प्रवासाच्या सामानात एखादी मलमाची ट्यूब किंवा कॉइलचे पाकीट टाकले की या बाबतीतली तयारी झाली असे बहुतेक घरांतून समजले जाते. फार तर उपाय ‘नैसर्गिक’ असावा की ‘रासायनिक’, एवढ्यापुरती चर्चा होते. ही चर्चा मुळातच चुकीच्या जागी सुरू होते, कारण एखादे द्रव्य झाडातून आले की कारखान्यातून, यावरून ते डासाला किती काळ रोखील हे ठरत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या जातीचा डास आहे, तो कोणत्या वेळी चावतो आणि निवडलेला उपाय त्या वेळेपुरता तरी टिकतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे उपायाची निवड बरीच सोपी होते.

डास चावतो असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी रक्त शोषते ती केवळ मादी. नर आणि मादी दोघेही फुलांतील मधुरसावर व झाडांच्या रसांवर जगतात, पण अंडी पक्व होण्यासाठी लागणारी प्रथिने बहुतेक जातींच्या माद्यांना रक्तातूनच मिळवावी लागतात. उघड्या डोळ्यांना एकच बारीक सुई भासणारी तिची सोंड ही प्रत्यक्षात सहा सुयांची जुडी असते आणि त्या जुडीवरचे मऊ आवरण कातडीत न शिरता बाहेरच दुमडून राहते. सहांपैकी चार सुया कातडी छेदण्याचे आणि ती फाकवून धरण्याचे काम करतात, एकीतून लाळ आत सोडली जाते आणि एकीतून रक्त वर ओढले जाते. रक्त गोठू नये यासाठी सोडलेल्या या लाळेला शरीर जो प्रतिसाद देते, त्यातून खाज आणि गांध निर्माण होते. हिवतापाचे परजीवी किंवा डेंग्यूचे विषाणू माणसाच्या शरीरात उतरतात तेही याच लाळेबरोबर. म्हणूनच रक्त पिऊन होण्याआधी डास झटकला तरी धोका टळलाच असे म्हणता येत नाही, आणि चावल्यानंतरच्या मलमपट्टीपेक्षा चावू न देण्याला वैद्यकशास्त्र अधिक महत्त्व देते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या संदर्भात डासांचे तीन गट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे. हिवतापाचा प्रसार करणारा ॲनाफिलिस हा तुलनेने स्वच्छ, साचलेल्या किंवा संथ वाहणाऱ्या पाण्यात वाढतो, भिंतीवर बसताना पोटाकडचा भाग वर उचलून तिरका बसतो आणि सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतो. क्युलेक्स या गटातील एक जात गटारे, शोषखड्डे आणि तुंबलेल्या घाण पाण्यात वाढते व हत्तीरोगाचा प्रसार करते, तर त्याच गटातील काही जाती भातखाचरांत वाढतात आणि डुकरे व पाणपक्ष्यांच्या रक्तातील जपानी मेंदूज्वराचा विषाणू माणसापर्यंत पोहोचवतात. क्युलेक्सचाही वावर मुख्यतः रात्रीचाच. तिसरा गट एडिसचा. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला हा लहानसा डास डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्ही रोगांचा वाहक आहे आणि तो चावतो तो दिवसाउजेडी, त्यातही सकाळचे पहिले दोनतीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास हे त्याचे विशेष जोमाचे. सुट्टीवर गेलेल्यांची तयारी कमी पडते ती इथेच. रात्री मच्छरदाणी किंवा कॉइल लावून निर्धास्त झोपलेले कुटुंब सकाळी ओटीवर चहा घेत बसते, दुपारी जेवणानंतर वामकुक्षी करते, तिन्हीसांजेच्या आधी माडाच्या बागेत फेरफटका मारते, आणि या सगळ्या वेळात त्याच्या अंगावर कोणतेही संरक्षण नसते.

एडिस हा माणसाच्या वस्तीला चिकटून राहणारा डास आहे. त्याची मादी साधारणतः जन्मस्थानापासून काही शे मीटरच्या परिसरातच वावरते, त्यामुळे पाहुण्यांना चावणारा एडिस बहुधा त्याच वाडीत किंवा त्याच हॉटेलच्या आवारात जन्मलेला असतो. पावसाळ्यासाठी पडवीला बांधलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या पोटात साचलेले पाणी, परसात टाकलेल्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या झावळ्यांची रुंद, पन्हळीसारखी बुडे, न्हाणीघरातले सहसा पूर्ण रिकामे न होणारे पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, होडीला धक्का लागू नये म्हणून टांगलेले जुने टायर, फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे, ही त्याची आवडती ठिकाणे. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवलेली त्याची अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्यामुळे भांडे नुसते ओतून भागत नाही, ते आतून घासावे लागते. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार व्हायला साधारण एक आठवडा ते दहा दिवस पुरतात, आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा हा आरोग्य खात्याचा आग्रह याच हिशेबावर आधारलेला आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला सारी वाडी कोरडी करता येणार नाही हे खरे, पण खोली ताब्यात घेताना न्हाणीघर, गॅलरी आणि खिडकीखालचा भाग एकदा नजरेखालून घालणे आणि अळ्या दिसल्यास यजमानांना सांगणे यात संकोच करण्याजोगे काहीच नाही. पाण्यात वळवळत वरखाली करणारे, पृष्ठभागाशी शेपूट लावून उलटे लोंबणारे बारीक जीव दिसले की ते भांडे त्याच क्षणी मोकळ्या जमिनीवर उपडे करावे.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 1986 च्या सुमारास पणजीत आणि त्यानंतर कांदोळीसारख्या पर्यटकांनी गजबजलेल्या किनारी भागात हिवतापाने डोके वर काढले. त्यामागचे मुख्य कारण किनाऱ्यावर झपाट्याने उभी राहणारी बांधकामे हेच होते. स्लॅब भिजवण्यासाठी साठवलेले पाणी, उघड्या टाक्या आणि विहिरी यांत ॲनाफिलिस स्टिफेन्सी ही शहरी वातावरणाला सरावलेली जात वाढत होती आणि हिवतापग्रस्त प्रदेशांतून कामासाठी आलेल्या मजुरांच्या रक्तातून तिला परजीवी मिळत होते. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तेथे अळ्या खाणारे स्थानिक मासे आणि डासांच्या अळ्यांनाच मारक ठरणारे बॅसिलस थुरिंजिएन्सिस जातीचे जिवाणू यांचा वापर करून पाहिला आणि फवारणीवरचा भार त्यामुळे हलका करता येतो हे दाखवून दिले. मजुरांच्या रक्ततपासणीला कायद्याची जोड मिळाली, टाक्यांना झाकणे आली, आणि आज गोव्यातील स्थानिक हिवतापाचे प्रमाण अत्यल्प झाले आहे. डेंग्यूबाबत मात्र असे म्हणता येत नाही, कारण एडिसला बांधकामाची टाकी लागत नाही, बाटलीच्या झाकणाएवढे पाणीही त्याला पुरते.

मादी माणसाला शोधते ती मुख्यतः वासावरून. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड तिला बऱ्याच अंतरावरून कळतो, जवळ आल्यावर घामातील लॅक्टिक आम्ल व कातडीवरील जिवाणूंनी निर्माण केलेली अन्य रसायने तिला वाट दाखवतात आणि अखेरच्या टप्प्यात शरीराची ऊब व ओलावा तिला नेमक्या जागी उतरवतात. एकाच घरातील एकाला डास फोडून काढतात आणि दुसऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही, याचे कारण ‘गोड रक्त’ नसून कातडीवरच्या रसायनांचे हे व्यक्तिगणिक बदलणारे मिश्रण आहे. गरोदर स्त्रिया अधिक ऊब आणि अधिक उच्छ्वास सोडत असल्याने डासांना अधिक आकर्षित करतात, ही गोष्ट प्रवासाचा बेत आखताना गांभीर्याने घेण्यासारखी आहे, कारण हिवताप आणि झिका हे दोन्ही रोग पोटातील गर्भाला अपाय करतात. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी आढळला होता, तेव्हा हा रोग परदेशातच असतो असे मानण्याचे कारण उरलेले नाही. रंगाचाही काही वाटा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यानंतर एडिस लाल, नारिंगी, काळा आणि आकाशी हिरवट अशा रंगांकडे झेपावतो व पांढरा, हिरवा, जांभळा या रंगांकडे फारसे लक्ष देत नाही. माणसाची कातडी कोणत्याही वर्णाची असली तरी डासाच्या डोळ्याला ती तांबूस नारिंगीच दिसते.

वनस्पतिजन्य उपायांची आपल्याकडची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. गोठ्यात तिन्हीसांजेला कडुनिंबाचा पाला आणि निर्गुडीच्या डहाळ्या गोवरीच्या निखाऱ्यावर टाकून धुरी देण्याची पद्धत कोकणात आणि देशावरही आहे, घरात ऊद व गुग्गुळ जाळले जातात, करंजाचे तेल अंगाला लावले जाते. या धुराने डास काही वेळ दूर राहतात यात शंका नाही, पण धूर विरला की ते परत येतात आणि बंद खोलीत दाटलेला धूर लहान मुलांच्या व दमेकऱ्यांच्या फुफ्फुसांना डासापेक्षा लवकर बाधतो. कडुनिंबाच्या तेलावर मात्र गंभीर संशोधन झाले आहे. मलेरिया संशोधन केंद्राच्याच शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलात 2 टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून लावले असता ॲनाफिलिस डासांपासून रात्रभर संरक्षण मिळाल्याचे नोंदवले होते. पुढच्या चाचण्यांत असे भरघोस यश सर्वत्र मिळाले नाही, तेलाची प्रत आणि डासाची जात यांनुसार निष्पत्ती बदलत गेली, आणि दिवसा चावणाऱ्या एडिसविरुद्ध हे तेल तुलनेने कमकुवत आढळले. रात्री झोपताना मच्छरदाणीच्या जोडीला ते लावण्यास हरकत नाही, पण डेंग्यूची साथ असलेल्या गावात दिवसभर केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल. हे तेल लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये हेही सांगितले पाहिजे, कारण तान्ह्या मुलांना ते पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

‘नैसर्गिक’ म्हणून सर्वाधिक खपणारे द्रव्य म्हणजे सिट्रोनेला. गवती चहाच्याच कुळातील, पण त्याहून वेगळ्या गवतापासून काढलेले हे सुगंधी तेल डासांना खरोखरच आवडत नाही, मात्र ते इतक्या वेगाने उडून जाते की त्याचा प्रभाव मिनिटांत मोजावा लागतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत स्वयंसेवकांनी वेगवेगळी द्रव्ये लावलेले हात एडिस डासांच्या पिंजऱ्यात घालून पहिला चावा कधी बसतो याची नोंद केली. सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी सरासरी 20 मिनिटांहूनही कमी संरक्षण दिले, सोयाबीन तेलाच्या एका उत्पादनाने सुमारे दीड तास, निलगिरीवर आधारलेल्या एका उत्पादनाने सुमारे दोन तास, तर डीट या रासायनिक डासरोधकाचे 23.8 टक्के प्रमाण असलेल्या द्रवाने पाच तास. मनगटावर बांधायच्या, द्रव्यात भिजवलेल्या पट्ट्यांनी काही सेकंदांपलीकडे काहीच साधले नाही. आजही याच पट्ट्या रंगीबेरंगी चित्रे छापून लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जातात, आणि पालक त्या विश्वासाने विकत घेतात, ही खेदाची गोष्ट आहे.

या वनस्पतिजन्य द्रव्यांत एक मात्र वेगळ्या पंक्तीत बसणारे आहे. लिंबासारखा वास असलेल्या ऑस्ट्रेलियातील एका निलगिरीच्या पानांपासून काढलेल्या अर्कात पीएमडी या नावाने ओळखला जाणारा घटक असतो. तो सिट्रोनेलापेक्षा पुष्कळ सावकाश उडतो आणि पुरेशा प्रमाणात असल्यास काही तास टिकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2005 मध्ये डीटच्या जोडीने ज्या पर्यायांची शिफारस केली, त्यांत त्याचा समावेश होता. परंतु दुकानांत सर्दीसाठी मिळणारे निलगिरी तेल म्हणजे हे द्रव्य नव्हे, आणि त्याच झाडाचे नुसते ऊर्ध्वपातन केलेले सुगंधी तेलही नव्हे, कारण त्यात पीएमडीचे प्रमाण नगण्य असते. हे द्रव्य डोळ्यांना झोंबते आणि तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असा निर्देश आहे. वनस्पतीपासून आले म्हणून ते सर्वांसाठी निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

डीट हे रासायनिक द्रव्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उष्ण कटिबंधात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या गरजेतून शोधले गेले, 1946 पासून सैन्यात वापरात आले आणि 1957 पासून सर्वसामान्यांना उपलब्ध झाले. ते डासाला मारत नाही. त्याच्या गंधज्ञानात बिघाड घडवून माणसाचा माग काढणे अवघड करते, आणि कातडीवर उतरलेल्या डासाच्या पायांना त्याचा स्पर्श झाला तरी तो उडून जातो. इतक्या दशकांच्या वापरानंतर त्याच्या गुणदोषांची जितकी माहिती आज आहे, तितकी अन्य कोणत्याही डासरोधकाची नाही. त्याच्या टक्केवारीबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. 30 टक्क्यांचे द्रव्य 10 टक्क्यांच्या तिप्पट प्रभावी नसते, ते अधिक काळ टिकते इतकेच. 10 टक्के डीट साधारण दोन तास पुरते, 20 ते 30 टक्के चार ते सहा तास, आणि 50 टक्क्यांच्या पुढे कालावधीतही फारशी भर पडत नाही. सकाळी दोन तास किल्ला पाहायचा असेल तर कमी टक्केवारी पुरते, दिवसभर जंगलात राहायचे असेल तर अधिक लागते किंवा पुन्हा लावावे लागते. घाम येणे, समुद्रात डुंबणे, पावसात भिजणे यांमुळे ही मुदत कमी होते. डीटमुळे चष्म्याच्या काचा, घड्याळाची प्लास्टिकची तबकडी, नायलॉनेतर कृत्रिम कपडे आणि नखांचे रंग खराब होऊ शकतात, पण सुती कापडाला त्याचा त्रास होत नाही.

इकारिडीन किंवा पिकारिडीन हे जर्मनीत 1980 च्या दशकात विकसित झालेले द्रव्य 20 टक्के प्रमाणात डीटच्या तोडीचे ठरते, त्याला वास जवळजवळ नसतो, ते चिकट लागत नाही आणि प्लास्टिकलाही इजा करत नाही. आयआर 3535 हे आणखी एक सौम्य द्रव्य युरोपात बराच काळ वापरात आहे. भारतीय दुकानांत वर्षानुवर्षे खपणाऱ्या ओडोमॉससारख्या मलमात डीटशी साम्य असलेले डायइथिल बेंझामाइड असते, तर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने भारतीय सैनिकांसाठी डेपा हे द्रव्य विकसित केले. या डेपाचे एक वेगळे महत्त्व सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसर आणि गोव्यातील सत्तरी तालुका येथे गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग डासांमुळे नव्हे तर जंगलातील गोचिडांमुळे पसरतो, आणि कर्नाटकात अशा भागांतील ग्रामस्थांना जंगलात जाण्यापूर्वी अंगाला लावण्यासाठी डेपायुक्त तेल वाटले जाते. डीटही गोचिडांना रोखते, तेव्हा तिकडच्या जंगलांत जाणाऱ्याच्या अंगावरचे डासरोधक दुहेरी काम करते.

द्रव्य कोणतेही असो, ते लावण्याची रीत चुकली की सारे मुसळ केरात जाते. डासरोधक कातडीवर ज्या जागी लागलेले असते तिथेच काम करते, दोन बोटांवरची मोकळी जागा मादीला सहज सापडते. एडिसचा रोख विशेषतः घोटे, पोटऱ्या आणि कोपरांच्या मागच्या बाजूवर असतो, आणि घाईत हात फिरवताना नेमके हेच भाग राहून जातात. सनस्क्रीन लावायचे असल्यास ते आधी, आणि ते मुरल्यावर डासरोधक, हा क्रम पाळावा. दोन्ही एकत्र असलेली उत्पादने टाळलेली बरी, कारण सनस्क्रीन वारंवार आणि भरपूर लावावे लागते व डासरोधक तितके लावणे इष्ट नसते. चेहऱ्यावर थेट फवारू नये, तळहातावर घेऊन डोळे व ओठ वगळून लावावे. कपड्यांच्या आतल्या कातडीवर आणि जखमांवर लावू नये. लहान मुलांना ते मोठ्यांनी लावून द्यावे, पण त्यांच्या हातांना लावू नये, कारण ते हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. दोन महिन्यांखालील बाळाला कोणतेही डासरोधक न लावता पाळण्याला किंवा बाबागाडीला चारी बाजूंनी मच्छरदाणी घालणे हाच मार्ग योग्य. गरोदर स्त्रियांनी सूचनेबरहुकूम डीट किंवा इकारिडीन वापरण्यास हरकत नसते, डास चावण्याचा धोका त्यांच्या बाबतीत कितीतरी मोठा असतो. मुक्कामी परतल्यावर साबणाने धुऊन टाकले म्हणजे झाले.

खोलीतील हवेत सोडायच्या द्रव्यांचा इतिहास एका फुलापासून सुरू होतो. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या पांढऱ्या फुलाच्या भुकटीत कीटकांच्या मज्जासंस्थेला बधिर करणारी द्रव्ये असतात. जपानमधील एइइचिरो उएयामा यांनी 1890 मध्ये या भुकटीची अगरबत्ती तयार केली, पण ती सुमारे 40 मिनिटांतच संपत असे. पुढे त्यांच्या पत्नीच्या सूचनेवरून तिला वेटोळ्याचा आकार देण्यात आला आणि रात्रभर जळणारी कॉइल जन्माला आली. नंतरच्या काळात फुलातील द्रव्यांची नक्कल करून पायरेथ्रॉइड नावाची कृत्रिम द्रव्ये बनवण्यात आली, आणि आजची कॉइल, वडी व विजेवर चालणारे लिक्विड या सर्वांत तीच असतात. या उपायाचे मूळ वनस्पतीतच आहे, तरीही त्याला कोणी नैसर्गिक म्हणत नाही. त्याच्या मर्यादा मात्र लक्षात घेण्याजोग्या आहेत. 2003 मधील एका अभ्यासानुसार एक कॉइल पूर्ण जळताना हवेत सोडते त्या सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके असते, तेव्हा दारे-खिडक्या बंद करून तिच्या शेजारी रात्रभर झोपणे कोणालाच हितावह नाही. उघड्या पडवीत ती पायांशी ठेवावी. लिक्विडमध्ये धूर नसतो, पण वाऱ्याच्या झोतात किंवा मोठ्या उघड्या दालनात त्याचा उपयोग होत नाही, आणि वीज गेली की तेही थांबते. पायरेथ्रॉइडना सरावलेल्या डासांची संख्या अनेक ठिकाणी वाढत आहे. नोंदणी क्रमांक नसलेल्या, कोणते द्रव्य किती आहे हे न सांगणाऱ्या ‘मच्छर अगरबत्त्या’ तर कटाक्षाने टाळाव्यात, कारण 1968 च्या कीटकनाशक अधिनियमानुसार अशा प्रत्येक उत्पादनाची नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणी नसलेल्या काडीतून काय जळते आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

पंख्याचा उपाय साधा असल्यामुळे दुर्लक्षिला जातो. डास हा दुबळा उडणारा जीव आहे, वाऱ्याच्या झोतात त्याला नेम धरून उतरता येत नाही, शिवाय उच्छ्वास आणि घामाचा वास पांगल्यामुळे त्याला माणसाचा मागही लागत नाही. जेवणाच्या टेबलाखाली पायांकडे झोत येईल असा एक लहान पंखा ठेवला तर बरेच काम होते. मच्छरदाणीला तर आजही तोड नाही, मात्र तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या असाव्या लागतात, आत शिरण्यापूर्वी ती झटकावी लागते, आणि झोपेत हात किंवा गुडघा जाळीला टेकला तर मादी बाहेर बसून जाळीच्या छिद्रातून आरामात रक्त पिते. यावर तोड म्हणून परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्यात मुरवलेल्या मच्छरदाण्या तयार झाल्या. 1973 मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट यांनी विकसित केलेले परमेथ्रिन कपड्यांवर आणि बुटांवर फवारून वाळवले तर अनेक धुण्यांनंतरही टिकते व त्यावर बसलेला डास किंवा गोचीड मरतो. ते कातडीवर लावायचे नसते, आणि मांजरांना व माशांना ते घातक असल्याने यजमानांच्या घरी मांजर असेल किंवा परसात विहीर, तळे असेल तर फवारणी आपल्या घरीच उरकून निघावे. असे द्रव्य नसेल तरी सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि घट्ट विणीचे कपडे उपयोगी पडतात. अंगाला चिकटून बसणाऱ्या पातळ लेगिंगमधून डास बिनदिक्कत चावतो.

कानाला न ऐकू येणारा आवाज काढून डास पळवणारी उपकरणे आणि मोबाइलमधील तशी ॲप यांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. 2007 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा उपकरणांच्या दहा क्षेत्रीय चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांमुळे चावे कमी होत असल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. लसूण खाल्ल्याने किंवा ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने डास चावत नाहीत, या समजालाही आधार नाही.

प्रवास जसा दूरचा, तसा डासांचा प्रश्नही बदलतो. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार असलेला जिल्हा, तेथे आणि ईशान्येकडील वनप्रदेशांत रात्रीचे संरक्षण सर्वांत महत्त्वाचे. आसामात भातशेतीच्या भागात दीर्घ मुक्काम असेल तर जपानी मेंदूज्वराच्या लसीबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. केनिया, टांझानिया येथील अभयारण्यांकडे जाणाऱ्यांना डासरोधकाच्या जोडीने हिवतापप्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागतात, त्या प्रवासाआधी सुरू करून परतल्यावरही ठरावीक दिवस चालू ठेवायच्या असतात, आणि पीतज्वराची लस तर अशा प्रवासात कायद्यानेच आवश्यक ठरू शकते, कारण त्या पट्ट्यातून परतणाऱ्यांकडे भारतात लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले जाते.

परतल्यावर ताप आला तर कुठे आणि केव्हा जाऊन आलो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. डेंग्यूचा ताप साधारणतः चाव्यानंतर चार ते दहा दिवसांत येतो, हिवतापाला किमान आठवडा लागतो आणि त्याचा एक प्रकार यकृतात दडून राहिल्याने काही महिन्यांनीही उद्भवू शकतो, तेव्हा दिवाळीतल्या सहलीचा संबंध शिमग्यातल्या तापाशी असणे अशक्य नाही. रक्ततपासणीत डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी हेच योग्य. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तात तापाचे पहिले पाचएक दिवस विषाणू फिरत असतो आणि या काळात त्याला चावलेला घरातला एडिस पुढे घरातल्या इतरांना, शेजाऱ्यांना तो देऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाने ते दिवस दिवसाही मच्छरदाणीतच झोपावे आणि उठून बसेल तेव्हा हातापायांना डासरोधक लावावे.